जुन्या गाडीला नकार देण्याआधी तिसरी फाइल उघडा

प्रश्न: मी एका विमा कंपनीच्या मोटार विभागात अंडररायटर आहे, म्हणजे कुठल्या गाडीचा विमा कोणत्या अटींवर घ्यायचा हे ठरवणं माझं काम. अलीकडे एकाच ब्रोकरकडून माझ्याकडे तीन प्रपोजल, म्हणजे विम्याचे अर्ज, आली. पहिलं निस्सान स्कायलाइन जीटी-आरचं. 1993 ची गाडी, जपानहून वापरलेली आणलेली. तिचा चेसिस नंबर आमची सिस्टिम घेतच नाही. दुसरं 1966 च्या मर्सिडीज 230 एसएलचं. मालक आमच्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त किंमत सांगतात आणि तीच ठरलेली किंमत म्हणून पॉलिसीवर लिहून मागतात. तिसरं 2011 च्या आयात केलेल्या मोठ्या सेदानचं. ते सिस्टिमने लगेच पास केलं, त्यामुळे त्याचा प्रश्न नव्हता. आमचे साहेब म्हणतात, पहिल्या दोघांना सरळ नकार कळव, असल्या गाड्यांत कंपनीचे हात पोळतात. मला हे पटत नाही, पण त्यांच्यापुढे मांडायला माझ्याकडे मुद्दे नाहीत. अशा गाड्यांकडे नेमकं बघायचं कसं?

उत्तर: तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी थांबून पुन्हा वाचलं. तिसरं प्रपोजल पास झालं, त्यामुळे त्याचा प्रश्न नव्हता, हे ते वाक्य. मला विचाराल तर तिन्हींत जास्त काळजी त्याचीच वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गाडीचं वय वाढलं की धोकाही त्याच प्रमाणात वाढत जातो, असं आपल्या व्यवसायात सर्रास धरून चालतात. सिस्टिममधली वयाची अट याच समजुतीवर बेतलेली असते. पण क्लेमच्या बाजूने पाहिलं तर गाडीचा सगळ्यात अवघड काळ दहा ते वीस वर्षांच्या दरम्यानचा. गाडीची किंमत तोवर पार उतरलेली असते, मात्र तिच्यात बसवलेल्या वस्तूंची किंमत उतरलेली नसते. 2011 ची मोठी सेदान म्हणजे एअर सस्पेन्शन, झेनॉन हेडलॅम्प, अर्धा डझन तरी एअरबॅग आणि सगळ्या गाडीभर पसरलेली कंट्रोल युनिट. समोरून मध्यम टक्कर बसली असं धरा. बंपर, दोन हेडलॅम्प, रेडिएटर, पुढच्या दोन एअरबॅग, धडकेत सीट बेल्ट आवळणारे प्रीटेन्शनर आणि एअरबॅग उघडताना फाटलेला डॅशबोर्ड. इंजिन चालू होतंय, सांगाडा सरळ आहे, कुणाला खरचटलेलंही नाही, तरीही नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरचा दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या विमा रकमेला जाऊन भिडतो. म्हणजे टोटल लॉस, गाडी पूर्ण गेली असं धरून हिशोब. मालकाला वाटतं, गाडी तर दुरुस्त होण्यासारखी आहे, कंपनी फसवते आहे. तिथून तक्रार सुरू होते.

त्यात ती आयात केलेली. त्याच नावाचं मॉडेल तुमच्या बाजारात विकलं गेलं असलं तरी ही गाडी दुसऱ्या बाजारासाठी बनलेली असू शकते. मग हेडलॅम्पचा प्रकाश उलट्या बाजूला झुकतो, सॉफ्टवेअर त्या प्रदेशाचं असतं, आणि अधिकृत वर्कशॉपचं निदान यंत्र काही युनिट ओळखतच नाही. सुटा भाग मागवायचा तर तो कुठल्या देशाच्या यादीतून मागवायचा इथपासून प्रश्न. भाग येईपर्यंत गाडी वर्कशॉपमध्ये उभी, त्या जागेचं भाडं चालू, आणि मालक रोज फोन करतोय.

याहून मोठा प्रश्न तिच्या आधीच्या आयुष्याचा आहे. 2005 चं कतरिना, 2012 चं सँडी, 2017 चं हार्वी, अशा प्रत्येक मोठ्या वादळानंतर अमेरिकेत गाड्या लाखांच्या संख्येने पाण्याखाली गेल्या. त्यातल्या बऱ्याचशा भंगारात गेल्या, पण काही स्वच्छ होऊन पुन्हा बाजारात आल्या. एका राज्याच्या कागदावर असलेला पुराचा शिक्का दुसऱ्या राज्यात नव्याने नोंदणी करताना गळून पडल्याची उदाहरणं तिथे आहेत. देशाची सीमा ओलांडली की हे आणखी सोपं. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2017 पासून टोटल लॉस गाड्यांना ए, बी, एस आणि एन असे चार वर्ग आहेत. ए आणि बी पुन्हा रस्त्यावर येऊच शकत नाहीत, एस म्हणजे सांगाड्याला मार बसलेली, एन म्हणजे सांगाडा शाबूत असलेली. पद्धत चांगली आहे, पण एस वर्गातली गाडी दुरुस्त होऊन दुसऱ्या देशात गेली तर तो शिक्का तिच्यासोबत जाईल याची हमी कुणी देत नाही. तुमच्या सिस्टिमने तिसऱ्या गाडीचा नंबर तपासला, वय तपासलं आणि हिरवा दिवा दिला. तिने यातलं काहीच विचारलं नाही.

म्हणून या गाडीची प्रत्यक्ष तपासणी करून घ्या, आणि इन्स्पेक्टरला नेमकं काय बघायचं ते लेखी द्या. चारी बाजूंचे फोटो आणि ‘स्थिती चांगली’ एवढ्यावर थांबू देऊ नका. प्रत्येक सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायला सांगा. वापरात असलेला भाग पुसून लख्ख केलेला असतो, पण रिळावर गुंडाळून राहिलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर पाण्याची रेष किंवा बारीक गाळ राहून जातो. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, डिकीत स्टेपनी ठेवायच्या खड्ड्यात मातीचा थर आहे का, हेडलॅम्पच्या आतून वाफ धरल्यासारखी दिसते का, हेही. पुरात बुडालेली गाडी आज चालते, वायरिंगचे सांधे आतून हळूहळू सडत असतात, आणि दोन पावसाळ्यांनी ‘अचानक आग लागली’ असा क्लेम येतो.

त्याच फाइलमध्ये एअरबॅगचा रिकॉलही तपासा, म्हणजे सदोष भाग बदलून देण्यासाठी उत्पादकाने ही गाडी परत बोलावली आहे का ते. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. उष्ण आणि दमट हवेत ते वर्षानुवर्षं राहिलं की बिघडतं, आणि एअरबॅग उघडताना धातूच्या डब्याच्या ठिकऱ्या उडून माणसाला लागतात. माणसं मेलीत त्याने. मोटार उद्योगाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा रिकॉल, एकट्या अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे हेच डबे, बदलायचे होते. 2000 नंतरच्या दीड दशकातल्या कितीतरी कंपन्यांच्या गाड्या त्यात येतात. रिकॉलचं पत्र कंपनीच्या यादीतल्या मालकाला जातं. गाडी खाजगीरीत्या दुसऱ्या देशात गेली की नवा मालक त्या यादीत नसतो. न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेल्या वापरलेल्या गाड्या भरपूर, आणि 2018 मध्ये तिथल्या सरकारला सगळ्यात धोकादायक टकाटा एअरबॅगचा रिकॉल सक्तीचा करावा लागला. चेसिस नंबरवरून ही गोष्ट उत्पादकाकडे विचारता येते. काम बाकी असेल तर ते होईपर्यंत पॉलिसी देऊ नका. गाडीत बसणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे, प्रीमियमचा हिशोब त्याच्या नंतर.

आता पहिली फाइल. सिस्टिम नंबर घेत नाही यात मालकाचा काही दोष नाही आणि गाडीतही काही खोट नाही. सतरा अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, आज आपल्याला तिची जन्मखूण वाटतो, पण अमेरिकेत तो 1981 च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला, आणि जपानने आपल्या देशांतर्गत बाजारासाठी तो कधी स्वीकारलाच नाही. तिथे फ्रेम नंबर असतो: आधी मॉडेलचा कोड, मग डॅश, मग अनुक्रमांक. स्कायलाइन जीटी-आरच्या त्या पिढीचा कोड बीएनआर32, पुढे सहा आकडे. तुमच्या पडद्यावर सतरा चौकटी आहेत आणि गाडीकडे भरायला बारा अक्षरं. असं झालं की काही ठिकाणी उरलेल्या चौकटींत शून्यं भरून फाइल पुढे ढकलतात. ते कृपा करून करू नका. पॉलिसीवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळला नाही, तर क्लेमच्या दिवशी तुम्ही नेमक्या कुठल्या गाडीचा विमा उतरवला होता हेच सिद्ध करता येत नाही. चोरी झाली तर पोलिसांच्या नोंदीशीही तो आकडा जुळणार नाही. आयटीकडून हाताने नंबर भरण्याची सोय करून घ्या आणि फाइलमध्ये कारण लिहून ठेवा.

उलट बाजूही सांगतो. सतरा अक्षरं पूर्ण आहेत म्हणून सगळं ठीक, असंही नसतं. उत्तर अमेरिकेच्या व्हीआयएनमध्ये दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं आणि नववं अक्षर बाकीचे बरोबर आहेत का याची पडताळणी करतं. युरोपातल्या कितीतरी उत्पादकांनी या दोन्ही जागा तशा वापरलेल्या नाहीत. तुमचं सॉफ्टवेअर अमेरिकन पद्धतीने वाचत असेल तर युरोपच्या गाडीचं वर्ष ते बिनदिक्कत चुकीचं दाखवेल. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मात्र व्हीआयएनमध्ये कधीच नसतात. ती दिसली तर समजा, नंबर लिहिताना तरी चूक झाली आहे किंवा त्याहून वाईट काही.

जपानहून आलेल्या गाडीची कागदपत्रं नीट असतील तर ती खरं म्हणजे अंडररायटरच्या फायद्याची असतात. तिथल्या खाजगी गाडीला नवी असताना तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी करून घ्यावी लागते. ती खर्चिक असते, म्हणून कितीतरी लोक त्याआधीच गाडी विकून टाकतात आणि चांगल्या स्थितीतल्या गाड्या लिलावात येतात. लिलावात प्रत्येक गाडीला तपासनीस प्रत, म्हणजे ग्रेड, देतो आणि गाडीच्या आकृतीवर एकेक ओरखडा खुणेने दाखवतो. आर किंवा आरए अशी प्रत दिसली तर ती अपघातानंतर दुरुस्त झालेली गाडी. मालकाकडे ही लिलावाची शीट आणि जपानचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट मागा. सर्टिफिकेटवर फ्रेम नंबर आणि पहिल्या नोंदणीचा महिना असतो. कारखान्यातून बाहेर पडल्याचं वर्ष आणि पहिल्या नोंदणीचं वर्ष वेगळं असू शकतं. तुमच्या मालकाने 1993 लिहिलंय ते यातलं कुठलं, ते विचारा. ओडोमीटरचंही पाहा. मैलात मोजणाऱ्या देशातून गाडी फिरून आली असेल तर मधे मीटर बदललेलं असतं, आणि 60,000 हा आकडा मैल की किलोमीटर, यावर गाडीचं निम्मं आयुष्य अवलंबून.

स्कायलाइनच्या बाबतीत माझी खरी चिंता वेगळी आहे. ही गाडी कारखान्यातून 2.6 लिटरचं दोन टर्बोंचं इंजिन आणि कागदावर 280 अश्वशक्ती घेऊन निघाली, पण तिच्या चाहत्यांमध्ये ती तशीच ठेवणारे थोडे. टर्बो बदललेले, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, नव्याने प्रोग्राम केलेला, सस्पेन्शन खाली घेतलेलं, आणि 180 किलोमीटरवर वेग अडवणारं बंधन काढून टाकलेलं. यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या दरावर परिणाम करते. ब्रेक आणि टायर त्या ताकदीला साजेसे आहेत का, हा पुढचा प्रश्न. आणि चोरी. योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर युरोपात नव्या गाडीला 1998 मध्ये सक्तीचा झाला, त्यामुळे 1993 च्या गाडीत तो मुळातून असेल अशी अपेक्षाच ठेवू नका. बंद गॅरेज, नंतर बसवलेला इमोबिलायझर, ट्रॅकर, या अटी पॉलिसीत स्पष्ट घाला.

इथे विचारण्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण साहेबांपुढे मांडायला हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. विम्यातल्या परम सद्‌भावाच्या तत्त्वासाठी, म्हणजे महत्त्वाची माहिती लपवायची नाही यासाठी, आपण ज्या खटल्याचा दाखला देतो, तो 1766 चा कार्टर विरुद्ध बोहम. सुमात्रातल्या फोर्ट मार्लबरोचा गव्हर्नर कार्टर याने किल्ला परकीयांच्या हाती पडण्याविरुद्ध लंडनमध्ये विमा घेतला होता. फ्रेंचांनी किल्ला घेतला, आणि अंडररायटर बोहम म्हणाला की किल्ला किती दुबळा आहे हे कार्टरने मला सांगितलं नाही. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी माहिती उघड करण्याचं तत्त्व याच निकालात मांडलं. ते सगळ्यांना पाठ असतं. निकाल कुणाच्या बाजूने लागला हे मात्र फार कमी जणांच्या लक्षात असतं. तो विमा घेणाऱ्याच्या बाजूने लागला. अंडररायटरला जे ठाऊक होतं किंवा ठाऊक असायला हवं होतं, ते न विचारता प्रीमियम घ्यायचा आणि नंतर तेच कारण पुढे करायचं, हे न्यायालयाने चालू दिलं नाही. ब्रिटनच्या 2012 च्या ग्राहक विमा कायद्यात तर हे आणखी पुढे गेलंय. सामान्य ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नांची काळजीपूर्वक आणि खरी उत्तरं द्यायची, आपणहून सगळं सांगण्याचं ओझं त्याच्यावर नाही. मग 1993 च्या स्कायलाइनच्या मालकाला ‘गाडीत काही बदल केले आहेत का, हो/नाही’ एवढंच विचारून कसं चालेल? त्याला वाटेल, चाकं बदलली हा काही बदल नव्हे. इंजिन, टर्बो, ईसीयू, सस्पेन्शन, ब्रेक, चाकं, सीट, रोलकेज, हे वेगवेगळे प्रश्न करा आणि पावत्या मागा. खऱ्या हौशी माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. तो तुम्हाला पावत्यांची फाइलच पाठवून देतो, आणि ती फाइल बघून त्या माणसाबद्दल जितकं कळतं तितकं कुठल्याही फॉर्मवरून कळत नाही.

मर्सिडीजच्या मालकांची मागणी मला पूर्ण रास्त वाटते. तुमच्या तक्त्यातली घसाऱ्याची पद्धत रोज वापरून झिजणाऱ्या गाडीसाठी बनवलेली आहे. 230 एसएलसारखी गाडी त्या नियमात बसत नाही, तिची किंमत स्थिती आणि अस्सलपणावर ठरते. घसाऱ्याने काढलेली रक्कम पॉलिसीवर टाकलीत, तर प्रीमियम खऱ्या अर्थाने कमी पडेल आणि टोटल लॉसच्या दिवशी मालकाच्या हाती जवळपास काहीच येणार नाही. बाजारभावाची पॉलिसीही इथे अपुरी, कारण क्लेमनंतर बाजारभाव ठरवायला तशीच दुसरी गाडी बाजारात सापडावी लागते. किमती किती हलतात याचं उदाहरण तुमच्या पहिल्याच फाइलमध्ये आहे. अमेरिकेत 25 वर्षं पूर्ण झालेली गाडी तिथल्या सुरक्षा मानकांच्या अटीशिवाय आणता येते. बीएनआर32 चं उत्पादन 1989 मध्ये सुरू झालं, म्हणजे 2014 मध्ये तिला ते दार उघडलं, आणि त्यानंतर जगभरात तिची मागणी आणि भाव चढत गेले. त्याआधीच्या भावावर विमा उतरवून जे मालक निवांत राहिले ते कागदोपत्री सुरक्षित होते, एवढंच.

तेव्हा ठरलेल्या किमतीची पॉलिसी द्या, पण किंमत ठरवण्याचं काम मालकावर सोडू नका. स्वतंत्र मूल्यमापकाचा लेखी अहवाल, आतले-बाहेरचे, इंजिनचे आणि गाडीच्या खालचे तारखेसह फोटो, आणि तशाच गाड्यांच्या प्रत्यक्ष विक्रीचे दाखले घ्या. विक्रीच्या जाहिरातीतला भाव हा दाखला नव्हे. मर्सिडीजच्या त्या काळच्या गाड्यांचं डेटा कार्ड असतं, त्यावर चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि रंगाचा कोड मिळतो. 230 एसएलचा चेसिस नंबर 113042 ने सुरू होतो. कार्डावरचा इंजिन नंबर गाडीतल्या इंजिनावर असेल तर किंमत एक, नंतर दुसरं इंजिन बसवलेलं असेल तर बरीच कमी. इन्स्पेक्टरने दोन्ही नंबरांचा जवळून फोटो आणला नाही तर तो अहवाल परत पाठवा. आयात शुल्क आणि वाहतूक त्या किमतीत धरली आहे की नाही, हे एका ओळीत लिहून घ्या. शुल्काशिवायच्या किमतीवर प्रीमियम घेतला आणि क्लेमच्या वेळी मालकाने शुल्कासह किंमत मागितली, की भांडण ठरलेलं. ठरलेली किंमत दर दोन-एक वर्षांनी नव्याने तपासा. ती खऱ्या भावाच्या फार वर राहिली तर गाडी विकण्यापेक्षा जळालेली बरी, अशी अवस्था येते. आणि टोटल लॉस झाल्यावर सॅल्व्हेज, म्हणजे उरलेली मोडकी गाडी, कुणाचं, तेही आधीच लिहा. अशा गाडीचा मालक सांगाडासुद्धा सोडायला तयार नसतो, मग तो किती वजावटीने त्याच्याकडे राहील हे आज ठरवणं सोपं आहे.

ठरलेली किंमत टोटल लॉसपुरती असते, हे मालकाला समजावून सांगा. रोजचे क्लेम छोटे असतात, आणि तिथे साठ वर्षांच्या गाडीची गंमत अशी की ती तुमच्या 2011 च्या सेदानपेक्षा दुरुस्त करायला कधीकधी सोपी पडते. मर्सिडीजचा क्लासिक विभाग जुन्या गाड्यांचे बरेच भाग आजही पुरवतो. निस्साननेही 2017 मध्ये निस्मो हेरिटेज या नावाने आर32 जीटी-आरचे, म्हणजे तुमच्या स्कायलाइनच्याच पिढीचे, भाग पुन्हा बनवायला सुरुवात केली. मधल्या वयाच्या सेदानला असा वाली नसतो. मात्र जुन्या गाडीत मजुरी मोठी. एका मडगार्डचा रंग जुन्या रंगाशी जुळत नाही म्हणून अर्धी गाडी रंगवावी लागते. क्रोमचं काम करणारा कारागीर शोधावा लागतो. म्हणून पॉलिसी देण्याआधीच विचारा की दुरुस्ती कुठे होणार, आणि ते वर्कशॉप व त्याचा मजुरीचा दर मान्य करून ठेवा. जुन्या भागाऐवजी नवा बसवला तर मालकाने किती सोसायचं, हेही तेव्हाच.

थर्ड पार्टीचा मुद्दा साहेब नक्की काढतील, आणि तो त्यांनी काढायलाच हवा. गाडी किती किमतीची आहे याचा धडक बसलेल्या माणसाच्या भरपाईशी काहीही संबंध नसतो. 1966 च्या गाडीत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं तंत्र, नाही. ते बॉशने 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणलं. 230 एसएलला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. व्होल्वोने तीन जागी बांधायचा सीट बेल्ट 1959 मध्ये आणला खरा, पण 1966 च्या सगळ्या गाड्यांत तो होता असं नाही. तेव्हा सीट बेल्ट आहेत का, कुठल्या प्रकारचे, हे पाहा. यावरचा उपाय वापराच्या मर्यादेत आहे. वर्षाला किती किलोमीटर, कोण चालवणार, रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे का, भाड्याने किंवा चित्रीकरणाला देणार का. जुन्या गाडीचे हौशी मालक सहसा कमी आणि सांभाळून चालवतात, आणि तुम्ही लावलेल्या मर्यादांमुळे दर खरोखर खाली आणता येतो.

टायरचं एक मुद्दाम सांगतो, कारण ते हटकून सुटतं. गॅरेजमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, रबर मात्र वयाने कडक होऊन तडकलेलं असतं. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे पाहा. 1209 म्हणजे 2009 चा बारावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर 2000 च्या आधीचा आहे, आणि तो बदलल्याशिवाय पॉलिसी द्यायची नाही. लांबच्या रस्त्यावर वेगात असा टायर फुटला तर मग ब्रेक कुठले होते हा प्रश्नच उरत नाही.

आता साहेबांविषयी. त्यांची भीती निराधार नाही. आपला दर हजारो सारख्या गाड्यांच्या अनुभवावर बसतो, आणि ज्या मॉडेलच्या पाच-सात गाड्याच खात्यात आहेत तिथे तीन वर्षं क्लेम आला नाही यावरूनही काही कळत नाही आणि एक मोठा आला यावरूनही नाही. शिवाय कुणालाच नको असलेली गाडी फिरत फिरत शेवटी आपल्याकडेच येते. म्हणून ‘सगळ्या जुन्या गाड्या घेऊ’ असा प्रस्ताव त्यांच्यापुढे नेऊ नका, एकेका फाइलवर बोला. आधी पुनर्विम्याचा करार, म्हणजे कंपनी आपला धोका दुसऱ्या कंपनीशी वाटून घेते तो करार, उघडून बघा. ठराविक वयाच्या किंवा किमतीच्या वरच्या गाड्या त्यातून वगळलेल्या असतील तर तुम्ही कितीही चांगली तपासणी केलीत तरी तो धोका एकट्या कंपनीच्या डोक्यावर राहील, आणि तिथे साहेबांचा नकार बरोबर ठरेल. वगळलेल्या नसतील तर तपासणी अहवाल, ठरलेली किंमत, वापराची मर्यादा, मोठं डिडक्टिबल (क्लेममधला मालकाने स्वतः सोसायचा भाग) आणि मान्य वर्कशॉप अशी एका पानाची टिपणी करून न्या. ‘जुनी’ या शब्दावर अडून बसले तर दाखवा की जगाचंच यावर एकमत नाही: जर्मनीत ऐतिहासिक गाडीची एच नंबरप्लेट 30 वर्षांनी मिळते, ब्रिटनमध्ये 40 वर्षांनी गाडी ऐतिहासिक धरली जाते, भारताच्या 2021 च्या नियमांत व्हिंटेजसाठी 50 वर्षं लागतात, आणि कॅनडा 15 वर्षांच्या गाडीला आयातीत सूट देतो. तुमच्या सिस्टिममधला आकडा यातल्या कशावरून आला, हे त्यांनाही बहुधा सांगता येणार नाही.

माझं मत विचाराल तर मर्सिडीज घ्या. स्कायलाइन बदलांची यादी आणि चोरीविरुद्धची सोय पाहून मगच ठरवा. इंजिनावर फार काम झालेलं असेल आणि मालक पंचविशीच्या आतला असेल तर मीही नाही म्हणेन. सेदानची पॉलिसी अजून छापली नसेल तर आजच थांबवा, आणि छापली असेल तर मालकाला एअरबॅगबद्दल लेखी कळवून नूतनीकरणाआधी तपासणीची अट घाला.

आणि कुणाला नकार द्यायचाच ठरला तर ‘कंपनीच्या धोरणात बसत नाही’ हे वाक्य पत्रात नको. काय कमी पडलं ते लिहा: लिलावाची शीट मिळाली नाही, इंजिन नंबर जुळला नाही, टायर 1999 चे आहेत. त्यातलं काय पुरं केलं तर फाइल पुन्हा उघडाल, तेही लिहा. तो माणूस नाहीतर दुसऱ्या कंपनीकडे जाऊन तेच प्रश्न चुकवायला शिकेल, किंवा विम्याशिवायच गाडी रस्त्यावर आणेल.